लॅब निवडण्याआधी तिथल्या पीएचडीच्या मुलांना काय काय विचारावं?

केतकी_सातारा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी साताऱ्यातच झालं. नेट दिली, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. आता दोन ठिकाणी बोलणं चालू आहे, एक कोल्हापूरला विद्यापीठात आणि एक पुण्यातल्या राष्ट्रीय संस्थेत. दोन्हीकडचे सर फोनवर नीट बोलले आणि दोघांनीही तेच सांगितलं, "एकदा येऊन लॅब बघ, मुलांशी बोल, मग ठरव." पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे जाणार आहे.

सरांना काय विचारायचं ते माझ्या वहीत लिहून झालंय. अडचण मुलांची आहे. "सर कसे आहेत?" म्हटलं की "चांगले आहेत" एवढंच उत्तर येणार. एका खोलीत सगळे बसलेले असताना नव्या मुलीला खरं कोण सांगेल? आमच्या घरात पीएचडी केलेलं कुणी नाही, त्यामुळे विचारायलाही जवळ माणूस नाही. पाच-सहा वर्षं जाणार आहेत. ज्यांनी केलीय किंवा करतायत त्यांनी सांगा, नेमकं काय विचारू आणि कसं विचारू?

दंडोबा

अभिनंदन! जेआरएफ झाली आणि धाग्यावर कंदी पेढे नाहीत, हे साताऱ्याला शोभत नाही.

आता कामाचं. शेवटचा जो मुलगा सबमिट झाला, म्हणजे प्रबंध देऊन मोकळा झाला, त्याचं रजिस्ट्रेशन कुठल्या साली झालं होतं, एवढं विचार. त्याच्या आधीच्या मुलाचंही विचार. या दोन उत्तरांतच बरंच कळतं.

विश्रामबागकर

केतकी, मी रसायनशास्त्रात पीएचडी केली, आता सांगलीत शिकवतो. दरवर्षी आमची मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. माझं सांगणं एकच असतं. मत विचारू नका, घडलेलं विचारा.

"सर वेळ देतात का?" या प्रश्नाला कुणीही "हो, देतात की" म्हणेल. त्याऐवजी विचार, "मागच्या महिन्यात तुझ्या कामावर सरांबरोबर किती वेळा बसणं झालं?" "पेपरचा ड्राफ्ट दिल्यावर किती दिवसांनी परत आला?" "शेवटचा प्रयोग कधी फसला, आणि त्यानंतर तुम्ही दोघांनी काय केलं?" सरांना नावं ठेवायला मुलं घाबरतात, आणि ते साहजिक आहे. पण तोच मुलगा "ड्राफ्ट मार्चमध्ये दिला होता, दिवाळी होऊन गेली" हे सहज बोलून जातो, कारण त्यात तक्रार केल्यासारखं त्याला वाटत नाही.

फसलेल्या प्रयोगाचा प्रश्न तर सोडूच नकोस. काम चालतंय तोवर सगळेच गाईड प्रेमळ असतात. वर्षभर काहीच हाती लागलं नाही तेव्हा सरांनी विषय बदलायला मदत केली, दुसऱ्या कुणाशी जोडून दिलं, की "तुझं तू बघ" म्हणाले, ते कळलं पाहिजे. तुझ्या विषयात तर हे होणारच. कल्चर मरतं, कंटॅमिनेशन होतं, महिन्याचं काम एका दिवसात जातं.

तोच प्रश्न तिघांना वेगवेगळा विचार. तिघांची उत्तरं साधारण जुळली तर ठीक. एक म्हणाला दर सोमवारी मीटिंग असते आणि दुसऱ्याला शेवटची मीटिंग आठवत नसेल, तर सरांचं लक्ष सगळ्यांकडे सारखं नाही.

रुपाली_के

विश्रामबागकर सरांना +१. लॅबमध्ये उभं राहून मात्र विचारू नकोस. "चहाला येतेस का?" म्हणून एकेकाला कॅन्टीनला ने. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर असलं काही विचारायचं नाही. लिहून कुणी देत नाही, आणि देऊही नये. फोन कर.

शिराळ्याचा_पोरगा

मी सध्या चौथ्या वर्षाला आहे, म्हणून वेगळी बाजू मांडतो. नवीन कुणी लॅब बघून गेलं की आमच्याकडे संध्याकाळी विचारणा होते, "काय विचारत होता? तुम्ही काय सांगितलं?" मला अजून सबमिट व्हायचंय, सही सरांचीच लागणार आहे. त्यामुळे माझ्याकडून नव्या माणसाला गोडच ऐकायला मिळतं. रुपालीताई, चहाच्या टपरीवरसुद्धा.

म्हणून केतकी, आत असलेल्यांवर भार टाकू नकोस. बाहेर पडलेल्यांना विचार, डिग्री घेऊन गेलेल्यांना आणि डिग्री न घेता गेलेल्यांनाही. दुसऱ्या गटातला एक माणूस बोलायला मिळाला तर आमच्यासारख्या पाच जणांची गरज नाही.

केतकी_सातारा

शिराळ्याचा_पोरगा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आभार. पण बाहेर पडलेली माणसं शोधायची कशी? सरांकडे यादी मागायची का?

कृष्णाकाठची

शोधगंगा उघड. इन्फ्लिबनेटचं भांडार आहे, देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात आणि कुणालाही फुकट बघता येतात. सरांच्या नावाने शोधलं की त्यांच्या हाताखाली कोण, कोणत्या साली बाहेर पडलं ते दिसतं. प्रबंधाची पहिली पानं नीट वाच. प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र, आणि ऋणनिर्देश तर नक्कीच. लॅबमधल्या सगळ्या सोबत्यांची नावं तिथे असतात. आता त्यातल्या किती जणांचा स्वतःचा प्रबंध पुढे कधी आला ते बघ. ज्यांचा आला नाही त्यांच्यातले काही अजून तिथेच असतील, काही सोडून गेले असतील. त्यांना लिंक्डइनवर शोधायचं. "मी त्या लॅबमध्ये यायचा विचार करतेय, दहा मिनिटं फोनवर बोलाल का?" एवढं लिहिलं तरी पुरतं. सोडून गेलेली माणसं बहुतेक वेळा बोलतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

पुण्याच्या संस्थेतली मुलं कोणत्या विद्यापीठाकडे नोंदलेली आहेत तेही बघून घे, प्रबंध त्या नावाखाली सापडतील. काहींचे अपलोड झालेले नसतात, त्यामुळे दिसला नाही म्हणजे झालाच नाही, असं धरू नकोस.

कराडचे_आजोबा

मी निवृत्त प्राध्यापक, बरीच वर्षं गाईड होतो. चर्चा चांगली चालली आहे, पण सोडून गेलेल्या मुलाचं म्हणणं एकतर्फी असू शकतं हेही मुलीला सांगायला हवं. माझ्याकडूनही मुलं गेली. एकाला बँकेत नोकरी लागली, एक एमपीएससीच्या मागे लागला, एकीचं लग्न ठरलं. एक मात्र माझ्या कडकपणाला कंटाळून गेला, आणि तो आजही माझ्याबद्दल बरं बोलणार नाही. कडक असणं आणि छळ करणं यांत फरक आहे. नोंदवही रोजच्या रोज लिही, आकडे रंगवू नको, हे मी कठोरपणेच सांगायचो आणि आजही सांगेन.

आता नियमाचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. तेव्हा मुलांना विचार, सध्या किती जण नोंदलेले आहेत आणि त्यांपैकी रोज येणारे किती. दुसरं म्हणजे, निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तीनपेक्षा जास्त असतील तर येतो, पण तुझी पाच-सहा वर्षं त्यात बसतात का? सर निवृत्त झाल्यावर तुझं कुणी बघायचं, हे आधीच्या मुलांच्या बाबतीत कसं झालं ते विचार.

विश्रामबागकर

आजोबा, एकतर्फी असू शकतं हे मान्य. म्हणून त्याच्याकडूनही मत घ्यायचं नाही, घडलेलंच घ्यायचं. "कडक होते" हे मत झालं. "रविवारी सकाळी आठला आलो नाही म्हणून महिनाभर निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह वापरू दिला नाही" हे घडलेलं झालं. ऐकणारीला त्यातून फरक कळेल.

कराडचे_आजोबा

हे पटलं.

माणदेशी

पैशांचं कुणी बोललंच नाही अजून!

जेआरएफचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (त्याच शिष्यवृत्तीचा वरचा टप्पा) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पण आकडा कळून उपयोग नाही, खात्यात कधी येतात ते महत्त्वाचं. मुलांना सरळ विचार, "शेवटचे आलेले पैसे कोणत्या महिन्याचे होते?" सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची शिष्यवृत्ती घेणाऱ्या मित्रांना तर हा प्रश्न रोजचाच. पैसे अडकतात कधी वरून, तर कधी इथेच, कागद महिनाभर कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो म्हणून. इथे अडकत असतील तर ऑफिस कसं आहे ते कळतं. माझे वडील आटपाडीला डाळिंब करतात. मधले काही महिने खोलीभाडं त्यांनी पाठवलं, म्हणून मी टिकलो. ज्याच्या घरी तेवढंही जमणार नाही त्याने हे आधी विचारायलाच पाहिजे.

आणि दुसरे पैसे कामाचे. केमिकल्स, किट्स, सिक्वेन्सिंगचा खर्च कोण करतं? प्रोजेक्ट चालू आहे का, कधी संपतोय? सॅम्पल बाहेर पाठवायचं तर मुलं खिशातून भरतात का? बऱ्याच ठिकाणी भरतात. "बिल दे, नंतर मिळतील" म्हणतात. ते 'नंतर' किती लांबतं, तेही विचार.

रुपाली_के

माणदेशी, मनातलं बोललात.

ढवळीकर

एक अगदी बारका प्रश्न, पण मायक्रोबायोलॉजीवालीला फार उपयोगी. "रात्री लाइट गेली आणि उणे ८० अंशांचा डीप फ्रीजर बंद पडला, तर फोन कुणाला जातो?" आमच्याकडे वॉचमनजवळ नावांची यादी आहे, त्यात सरांचंही नाव आहे आणि ते स्वतः आलेले आहेत. दुसऱ्या एका लॅबमध्ये हेच विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सॅम्पल तुझी वर्षावर्षाची असणार.

वाईकर

लॅब नसलेल्यांनी इथे काय करायचं? मी इतिहासात करतोय, आमची प्रयोगशाळा म्हणजे दफ्तर आणि ग्रंथालय.

कृष्णाकाठची

वाईकर, मराठी विश्वकोशाच्या गावात राहून प्रश्न कसले विचारता! तुमच्यासाठीही तेच. गाईडनी तुमचं प्रकरण शेवटचं कधी वाचलं, आणि मोडी वाचायला कुणी शिकवलं की स्वतःच शिकलात?

वाईकर

मोडी स्वतःच शिकलो. प्रकरणाचं उत्तर देत नाही, सर या धाग्यावर असू शकतात.

मीनाक्षी_म

केतकी, मुलींना वेगळं गाठून बोल आणि काही गोष्टी त्यांनाच विचार. रात्री उशीर झाला तर हॉस्टेलवर कशा जातात? लॅबमधून स्वच्छतागृह किती लांब आहे, आणि रात्री उघडं असतं का? सरांचा हात, सरांची भाषा, उशिराचे फोन, याबद्दल काही सांगण्यासारखं आहे का? हा शेवटचा प्रश्न असा थेट विचारता येत नाही, पण "इथे एकटीने उशिरापर्यंत काम करायला तुला कसं वाटतं?" म्हटलं की समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसतं. अंतर्गत तक्रार समिती कुठे आहे हे तिथल्या मुलींना माहीत आहे का, तेही बघ. कायद्याने ती असायलाच हवी.

लग्न आणि बाळंतपणाबद्दल २०२२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. कमाल सहा वर्षांच्या वर पुनर्नोंदणीची दोन, आणि बाईला आणखी दोन वर्षं मिळू शकतात. लग्नामुळे गाव बदललं तर अटी पाळून काम दुसऱ्या संस्थेत नेता येतं. नियम असा आहे. तिथे तो कुणाला मिळाला का, हे विचारायचं. मी मुलगी पोटात असताना बेंचवर उभी राहिले, कारण लॅबमध्ये माझ्या आधी कुणी रजा घेतलीच नव्हती आणि मागायची कुणाला हेच कळत नव्हतं. ज्या लॅबमधून एखादी बाळंतपणानंतर परत येऊन सबमिट झाली असेल ती लॅब मी डोळे झाकून वर ठेवेन.

दंडोबा

मीनाक्षीताई, हे स्वतंत्र धागा म्हणून टाका. नंतर शोधताना सापडलं पाहिजे.

अजिंक्यताऱ्याखाली

कोल्हापूर ठरलं तर अपडाऊन करणार का? हायवेचं काम बघता विचारतोय.

केतकी_सातारा

आई तेच म्हणतेय, "रोज ये की घरी."

माणदेशी

सव्वाशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं! बॅक्टेरियाला वेळ कळत नाही, रात्री अकराला रीडिंग घ्यायची वेळ येणार. हॉस्टेलच घे. रेल्वे म्हणशील तर साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब माहुलीकडे, तिथे पोचण्यातच दमशील.

अजिंक्यताऱ्याखाली

आईला मुलगी घरी हवी असते हो, त्यात चूक काय.

माणदेशी

चूक नाहीच. शनिवारी-रविवारी जावं. शनिवारी-रविवारी घरी जाता येतं का, हासुद्धा मुलांना विचारायचा प्रश्न आहे. "मागच्या गणपतीला किती दिवस घरी होतास?" हे विचार, लगेच कळेल.

मिरजेहून_मिशिगनला

इकडे अमेरिकेत जीवशास्त्राच्या बऱ्याच कार्यक्रमांत रोटेशन असतं. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाईड निवडायचा. आत राहून बघितल्यावर बाहेरून विचारायचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. आपल्याकडे काही संस्थांत हे होतं, विद्यापीठात सहसा होत नाही. पण केतकी, दोन आठवडे येऊन बसू का, असं सरांना विचारायला काय हरकत आहे? जे "ये" म्हणतील त्यांच्याकडे लपवण्यासारखं फारसं नसतं.

इथे विचारतात तो आणखी एक प्रश्न, इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? फक्त गाजलेली दोन नावं नकोत, सगळी. आणि सर तरुण असतील तर त्यांची नोकरी पक्की आहे का. इकडे सहायक प्राध्यापकाला टेन्युअर (कायम नेमणूक) नाकारलं तर लॅबच उठते आणि मुलं अधांतरी राहतात.

केतकी_सातारा

पेपरवर नाव कसं लागतं याबद्दलही सांगा ना कुणी. मैत्रिणीने सगळं काम केलं आणि पहिलं नाव दुसऱ्याचं लागलं.

विश्रामबागकर

जायच्या आधी त्या लॅबचे गेल्या काही वर्षांतले पेपर काढ. पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं का, की फिरून फिरून एकाच माणसाचं? मग तिथे विचार, "नावांचा क्रम कधी ठरतो, काम सुरू करताना की पाठवायच्या आदल्या दिवशी?" आदल्या दिवशी ठरत असेल तिथे भांडणं होतात.

अजून एक. २०२२ च्या नियमांत सबमिशनआधी पेपरची सक्ती राहिलेली नाही. २०१६ च्या नियमांत एक शोधनिबंध आणि परिषदेत दोन सादरीकरणं लागायची. पण विद्यापीठाची किंवा सरांची स्वतःची अट असू शकते. "सर किती पेपर झाल्याशिवाय सही करत नाहीत?" हे चौथ्या-पाचव्या वर्षातल्या मुलाला विचार. आणि पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमध्ये इथले पेपर जातात का, ते पेपर बघूनच समजेल.

शिराळ्याचा_पोरगा

आमच्याकडे तीन. नाव लिहीत नाही.

केतकी_सातारा

दोन्हीकडे जाऊन आले. सगळ्यांचे मनापासून आभार, तुमचे प्रश्न वहीत उतरवून नेले होते. कोणती लॅब कुठली ते इथे लिहिणार नाही, तिथल्या मुलांना त्रास नको.

पहिल्या लॅबमध्ये यंत्रं बघून डोळे दिपले. सगळं नवं. मुलं छान बोलली, पण सगळी एकसारखीच बोलली. ड्राफ्टचं विचारलं तर तिघांनीही "सर बिझी असतात" म्हटलं आणि विषय बदलला. गणपतीचं विचारलं तेव्हा एकजण नुसता हसला. शोधगंगेवरून जी दोन नावं मिळाली होती, त्यांतल्या एका ताईंशी फोन झाला. त्यांनी डिग्री सोडली होती. आजोबा म्हणाले ते लक्षात ठेवून फक्त काय घडलं तेच विचारलं. त्या रागाने बोलल्या नाहीत, तारखा सांगत गेल्या. एक ड्राफ्ट, एक वर्ष, मग दुसरा विषय, पुन्हा तेच.

दुसऱ्या लॅबमध्ये उपकरणं कमी. सिक्वेन्सिंग बाहेर, काही मशिनसाठी दुसऱ्या विभागात नंबर लावावा लागतो. पण फ्रीजरचा प्रश्न विचारल्यावर मुलांनी लगेच भिंतीवरची यादी दाखवली, पहिलं नाव सरांचं! एक ताई बाळंतपणानंतर परत येऊन सिनॉप्सिस (प्रबंधाआधीचा सारांश) देत होत्या. एकाने सरांबद्दल तक्रारही केली, सर फार खोदून विचारतात, अर्धवट तयारीने मीटिंगला जाता येत नाही म्हणून. आणि ती त्याने सरांच्या केबिनच्या बाहेर उभं राहून, मोठ्या आवाजात केली.

बाबांना पहिल्या जागेचं नाव मोठं वाटतं. मला दुसरी लॅब घ्यावीशी वाटतेय. यंत्रं नसल्याने पुढे अडेल का, एवढीच काळजी आहे.

ढवळीकर

यादी दाखवली म्हणालीस, बरं वाटलं.

कृष्णाकाठची

अडणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या सैफ केंद्रासारखी सामाईक उपकरण केंद्रं बाहेरच्यांचीही सॅम्पल शुल्क घेऊन करून देतात. नंबर लागायला वेळ जातो, तेवढा धरून चालायचं. तिथल्या मुलांना विचार, मागच्या सॅम्पलचा रिपोर्ट किती दिवसांत आला आणि शुल्क कुणी भरलं.

माणदेशी

आणि बाबांना सांग, नाव मोठं असून सबमिट न झालेली माणसं आमच्या तालुक्यातच सापडतील.

मिरजेहून_मिशिगनला

मी असतो तर दुसरीच घेतली असती. केबिनबाहेर मोठ्याने तक्रार करता येते, ही साधी गोष्ट नाही.

केतकी_सातारा

शुल्क प्रोजेक्टमधून जातं, हे विचारलं होतं. मग ठरलं. आता शेवटचं, पहिल्या सरांना नाही कसं कळवू? त्यांनी वेळ काढून लॅब दाखवली होती. त्या ताईंशी बोलणं झालं हे त्यांना कळू द्यायचं नाहीये.

कराडचे_आजोबा

फोन कर, मेलवर बसू नकोस. "सर, लॅब दाखवलीत, वेळ दिलात, आभारी आहे. मी दुसरीकडे प्रवेश घ्यायचं ठरवलंय." एवढंच. का म्हणून विचारलं तर "मला तिथला विषय जास्त जवळचा वाटला" म्हण, तेही खोटं नाही. कुणाशी बोललीस हे कितीही विचारलं तरी सांगायचं नाही. आणि हे उद्याच कर. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, मुलगी येणार म्हणून जागा धरून ठेवलेली असते. तुझं लवकर कळलं तर तिथे दुसऱ्या कुणाला वेळेत घेता येईल.